झ्यूस आणि ज्युपिटरची सोयरीक

झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जुनो, पोसायडन म्हणजे नेपच्यून, असा दोन रकान्यांचा तक्ता बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. तो पाहून रोमनांनी ग्रीकांचे देव उचलले आणि फक्त नावं बदलली, असा समज होतो. खरं तर रोमकडे स्वतःचे देव आधीपासून होते. तुटवडा होता तो त्यांच्या गोष्टींचा. कोणाचं कोणाशी लग्न झालं, कोण कोणावर रुसलं, याची जुन्या रोमन धर्माला फारशी फिकीर नव्हती. कोणता विधी कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत करायचा, यात चूक झाली नाही म्हणजे पुरे.

या देवांना ग्रीक चेहरे मिळायला सुरुवात झाली ती शेजारामुळे. इ.स.पू. आठव्या शतकापासून दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर ग्रीक वसाहती होत्या. नेपल्सजवळची कुमे ही त्यातली जुनी. रोमच्या उत्तरेला एट्रस्कन लोक. त्यांच्या टिनिया, उनी आणि मेनर्व्हा या देवतांवर ग्रीक कथांचा रंग चढलाच होता. एट्रस्कन आरशांवर मेनर्व्हा टिनियाच्या डोक्यातून जन्मताना कोरलेली दिसते, म्हणजे थेट अथेनाचीच जन्मकथा. रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवरचं ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हाचं मंदिर परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मधलं. हे त्रिकूट त्याच वातावरणात घडलं.

पुढचं बरंचसं काम संकटांनी केलं. रोगराई, दुष्काळ किंवा पराभव आला की रोमचं सिनेट सिबिल या भविष्यवादिनीच्या ग्रंथांचा कौल मागे. हे ग्रंथ ग्रीक पद्यात होते, त्यामुळे उपायही अनेकदा ग्रीक वळणाचा निघे. साथ आली म्हणून अपोलोला नवस बोलला गेला आणि इ.स.पू. ४३१ मध्ये त्याचं मंदिर उभं राहिलं. त्याचं तर नावही बदललं नाही. इ.स.पू. २९३ च्या साथीनंतर वैद्यकाचा देव एस्क्युलेपियस ग्रीसमधल्या एपिडॉरसहून आणला गेला आणि टायबर नदीतल्या बेटावर त्याची स्थापना झाली.

सगळ्यात बोलका प्रसंग इ.स.पू. २१७ चा. ट्रासिमेनी सरोवराकाठी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्याची दाणादाण उडवली होती. शहर हादरलं. तेव्हा बारा देवांना जोडीजोडीने मंचकांवर मांडून मेजवानी देण्यात आली. ज्युपिटर-जुनो, अपोलो-डायना या जोड्या सहज समजतात. पण नेपच्यूनशेजारी मिनर्व्हा का? अथेन्स शहरावरून पोसायडन आणि अथेना यांच्यात चढाओढ झाली होती, ही ग्रीक कथा माहीत असेल तरच याला अर्थ लागतो. मार्सशेजारी व्हीनस बसली तीही त्यांचे ग्रीक जोडीदार, युद्धदेव एरीस आणि प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी, यांच्या प्रेमप्रकरणामुळे. म्हणजे तोवर रोमनांनी आपल्या देवांचं गणगोत ग्रीक हिशेबाने लावून टाकलं होतं. याच शतकात लिव्हियस अँड्रोनिकसने होमरची ‘ओडिसी’ लॅटिनमध्ये आणली आणि गोष्टींचा ओघ आणखी वाढला.

तरी जोड्या घट्ट बसल्या नाहीत, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. ग्रीकांना एरीस फारसा आवडत नसे. ‘इलियड’मध्ये खुद्द झ्यूस त्याला सुनावतो की ऑलिम्पसवासीयांत तूच मला सर्वांत नकोसा आहेस. मार्सचा थाट मात्र वेगळा. तो रोमचा संस्थापक रोम्युलस याचा बाप, मार्च महिना त्याचा. आणि तो केवळ युद्धाचा देवही नव्हे. रोमन लेखक केटोच्या शेतीवरच्या पुस्तकात डुकराचं पिल्लू, कोकरू आणि वासरू शेताभोवती फिरवून मार्सला बळी द्यायचा विधी आहे. रोगराई दूर ठेव, पीक आणि द्राक्षवेली जोमाने वाढू देत, गुरं आणि गुराखी सुखरूप राहोत, असं त्यात मागणं आहे. एरीसकडे असं काही मागायचं ग्रीक शेतकऱ्याच्या मनातही आलं नसतं. दारांचा, आरंभाचा देव जेनस याला तर ग्रीकांत जोडीदारच सापडला नाही.

उलट झ्यूस आणि ज्युपिटर यांचं मूळ नातं उसनं नाही. दोघेही एकाच प्राचीन आकाशदेवाचे वारस. ऋग्वेदातला द्यौष्पिता त्यांच्याच कुळातला.

परक्या देवांत आपले देव ओळखायची ही सवय रोमनांनी पुढे सगळीकडे वापरली. गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातले) लोक सर्वाधिक भक्ती मर्क्युरीची करतात, असं ज्युलियस सीझर बिनदिक्कत लिहितो. त्या देवाचं स्थानिक नाव द्यायची त्याला गरजही वाटत नाही. आपल्याकडे कोल्हापुरात ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात समुद्रदेवाची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती रोमन व्यापारातून इथवर आलेली मानतात, पण तिची ओळख पोसायडन अशीच रूढ आहे, नेपच्यून अशी नाही.