व्याधाच्या उगवतीवरून फॅरोंची सनावळी

तुतनखामुन इ.स.पू. १३३२च्या सुमारास गादीवर आला, असं पुस्तकांत बिनदिक्कत छापलेलं असतं. पण फॅरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, दरबारात आपल्या शालिवाहन शकासारखी सलग कालगणना नव्हतीच. ‘अमुक राजाचं सातवं वर्ष’ एवढंच लिहीत; राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. राजांच्या याद्याही सोयीने केलेल्या. अबायडोसच्या देवळात सेती पहिल्याने कोरवलेल्या ७६ नावांत हॅटशेपसुट, अखेनातेन आणि खुद्द तुतनखामुन या तिघांनाही वगळलंय! मग सनावळी जुळवायची कशी?

यातला माझा सर्वांत आवडता पुरावा आकाशातला आहे. व्याध हा तारा वर्षातून सुमारे ७० दिवस सूर्याच्या तेजात दडतो आणि मग एका पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी, पूर्वेला पुन्हा दिसतो. नाईलचा पूरही त्याच सुमारास यायचा, म्हणून ही उगवती महत्त्वाची. इजिप्तचं सरकारी वर्ष मात्र नेमकं ३६५ दिवसांचं: ३० दिवसांचे १२ महिने आणि वर ५ दिवस. लीप वर्ष नाही. त्यामुळे उगवतीची तारीख दर चार वर्षांनी एक दिवस पुढे सरकायची आणि सुमारे १४६० वर्षांनी पुन्हा वर्षाच्या पहिल्या दिवशी यायची. टॉलेमी तिसऱ्याने इ.स.पू. २३८ मध्ये दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवण्याचं फर्मान काढलं, पण ते रुजलं नाही.

असा मेळ इ.स. १३९ मध्ये बसला होता, असं रोमन लेखक सेन्सोरिनसच्या लिखाणातून कळतं. तिथून दोन फेरे मागे गेलं की येतं इ.स.पू. २७८२. आता अल-लाहुनच्या देवळातला एक पपायरस घ्या. सेनुस्रेत तिसऱ्याच्या सातव्या वर्षी व्याध ‘पेरेट’ ऋतूच्या (चार-चार महिन्यांच्या तीन ऋतूंपैकी दुसऱ्या) चौथ्या महिन्यात १६ तारखेला उगवेल, असं त्यात कळवलं आहे. हा वर्षातला २२६वा दिवस. म्हणजे तारीख २२५ दिवस सरकली. त्याला चाराने गुणलं की ९०० वर्षं. उत्तर ढोबळमानाने इ.स.पू. १८८०!

मेख एकच. व्याध दक्षिणेत आधी दिसतो. अक्षांशाच्या एका अंशाला साधारण एक दिवस, म्हणजे सनावळीत चार वर्षं. निरीक्षण उत्तरेतल्या मेम्फिसचं धरलं की दक्षिणेतल्या अस्वानचं, यावर वीसेक वर्षांचा फरक पडतो.

याच व्याधाचं नाव घेऊन परग्रहवासीयांनी पिरॅमिड बांधल्याचे व्हिडिओ फिरतात, तेव्हा चीड येते. खुफूच्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणींतून चुनखडी वाहणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी सापडली आहे. ज्यांनी ते काम केलं, त्यांचं श्रेय असं का हिरावून घ्यायचं?

ताऱ्यांशी संबंध नसलेली पडताळणी २०१० मध्ये झाली. ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखालच्या गटाने संग्रहालयांतल्या बिया, बोरू, कापड अशा २११ नमुन्यांतला कार्बन-१४ (सजीव मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) मोजला. लाकूड मुद्दाम टाळलं, कारण जुन्या खोडाचा गाभा राजाच्या आधी कित्येक दशकं तयार झालेला असू शकतो. या मोजमापांना राजवटींच्या लांबीची जोड दिल्यावर ‘नव्या राज्या’चा (न्यू किंगडम, तुतनखामुन ज्यात येतो तो कालखंड) आरंभ इ.स.पू. १५७० ते १५४४ दरम्यान आला आणि पायऱ्यांचा पिरॅमिड बांधवणाऱ्या जोसेरचं राज्यारोहण २६९१ ते २६२५ दरम्यान.