इम्युनिटीचा एक जीन काढला आणि उंदीर एकलकोंडा झाला

इंटरफेरॉन गॅमा हे टी पेशींनी सोडलेलं एक प्रोटीन, म्हणजे इम्युनिटीच्या खात्यातला माणूस. जंतू आले की जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना कामाला लावणं हे त्याचं मुख्य काम, आणि त्याचा जीन काढून टाकलेले उंदीर टीबीपुढे टिकत नाहीत हे 1993 मध्येच दिसलं होतं. पण कुठलंही इन्फेक्शन नसताना या नॉकआउट (म्हणजे जीन काढलेल्या) उंदरांचं वागणंही वेगळं असतं, आणि मला तरी हाच भाग जास्त भारी वाटतो.

2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जोनाथन किपनिस यांच्या टीमने नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये हे छापलं. टेस्ट साधीच, तीन कप्प्यांची पेटी, मधे उंदीर सोडायचा, एका बाजूला जाळीआड अनोळखी उंदीर आणि दुसऱ्या बाजूला नुसती एखादी वस्तू. नॉर्मल उंदीर जाळीला नाक लावून पाहुण्याला हुंगत बसतो आणि जास्त वेळ तिथेच काढतो. नॉकआउट उंदराला मात्र उंदीर काय नि वस्तू काय, दोन्ही सारखंच!

आता यात मेंदूतली केमिस्ट्री कुठे आली? तर प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, काही न्यूरॉन (मेंदूतल्या पेशी) गाबा नावाचं केमिकल सोडून बाकीच्यांना ब्रेक लावत असतात, आणि इंटरफेरॉन गॅमा या ब्रेकवाल्या न्यूरॉनना चेतवतं, ते नसलं की ब्रेक सैल पडतो आणि कॉर्टेक्सचे भाग गरजेपेक्षा जास्त एकमेकांशी जोडल्यासारखे वागतात. डायझेपाम हे औषध गाबाचा परिणाम वाढवतं, म्हणून ते देऊन बघितलं तर उंदीर पुन्हा मिसळायला लागले. मेंदूभोवतीच्या द्रवात इंटरफेरॉन गॅमाचं एकच इंजेक्शन दिलं तरी तेच झालं. हे महत्त्वाचं आहे, कारण जन्मापासून जीन नसला की मेंदूची घडणच बिघडली असेल अशी शंका येते, पण मोठेपणी दिलेल्या एका डोसने फरक पडतो म्हटल्यावर सगळा दोष घडणीवर ढकलता येत नाही.

एकत्र राहिलं की रोग पसरतात म्हणून मिसळणं आणि इम्युनिटी उत्क्रांतीत जोडीने वाढली असावी असाही तर्क मांडलाय. ऐकायला छान आहे, पण तो तर्कच.

आणि लगेच "इम्युनिटी वाढवा, मित्र मिळवा" असं फॉरवर्ड करू नका. याच कुटुंबातलं इंटरफेरॉन अल्फा हिपॅटायटिस सी वर औषध म्हणून द्यायचे, तेव्हा बऱ्याच पेशंटना त्याने चक्क डिप्रेशन यायचं.