दोरा सुटल्यावर हृदयाचं काय होतं?

पावसाळा सरत आला की ठाण्याच्या येऊरच्या जंगलात खुळखुळ्याला पिवळी फुलं येतात आणि त्याच्या सुकत चाललेल्या फांद्यांवर ब्लू टायगर फुलपाखरांची झुंबड उडते. नर फुलपाखरं सोंडेने त्यातली अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी एक प्रकारची रसायनं, शोषून घेतात; मादीला भुलवणारा गंध त्यांना त्यातूनच बनवायचा असतो. खुळखुळ्यात आणि त्याच्या भाईबंदांत सापडणारं असंच एक अल्कलॉइड, मोनोक्रोटॅलिन, जगभरच्या प्रयोगशाळांत पांढऱ्या उंदरांना टोचतात. यकृतात त्याचं विषारी रूप तयार होतं. ते फुफ्फुसातल्या धमन्यांचं अस्तर बिघडवतं, आणि तीन-चार आठवड्यांत उंदराला पल्मनरी हायपरटेन्शन होतं.

हा दंडावर पट्टा बांधून मोजायचा रक्तदाब नव्हे. हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला सरासरी दाब विश्रांतीतही २० मिमी पाऱ्याच्या वर गेला, की हा आजार म्हणतात. स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, पण ती दमा किंवा अशक्तपणाच्या खात्यावर टाकली जाते. इकडे हृदयाचा उजवा खालचा कप्पा झिजत असतो. त्याची भिंत मुळात पातळ, कमी दाबासाठी घडलेली. रुग्णाचं आयुष्य बहुतेक वेळा हा कप्पा किती तग धरतो यावरच ठरतं.

विषाच्या प्रयोगातली अडचण इथेच आहे. औषध दिलं आणि उंदीर सुधारला, तर बळ हृदयाला मिळालं की फुफ्फुस मोकळं झाल्यामुळे हृदयाचं ओझं उतरलं? काही केल्या उकल होत नाही.

म्हणून शस्त्रक्रिया. उंदराला भूल देऊन, कृत्रिम श्वासावर ठेवून छाती उघडतात. फुफ्फुस-धमनीला लागून ठरावीक जाडीची सुई आडवी ठेवतात, दोन्हींभोवती मिळून दोरा आवळतात आणि सुई अलगद काढून घेतात. सुईच्या जाडीइतकीच वाट रक्ताला उरते. उंदीर लहान असेल तर तो वाढतो, दोरा मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे आवळ हळूहळू वाढत जातो. फुफ्फुसाला धक्का नाही. सगळा भार उजव्या कप्प्यावर.

खरी कसोटी पुढची: काही आठवड्यांनी पुन्हा छाती उघडून तो दोरा कापायचा. एव्हाना आतलं सगळं चिकटलेलं असतं, धमनी फाटायची भीती असते. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच टप्पा. ओझं उतरल्यावर फुगलेला कप्पा आकसतो, जाड भिंत बरीच पूर्ववत होते, आकुंचन सुधारतं. स्नायूत साचलेले तंतू मात्र सावकाश ओसरतात, कधी पुरते जातही नाहीत.

माणसांतही असंच दिसतं. धमन्यांत जुन्या गुठळ्या अडकलेल्या रुग्णाचं शरीर सुमारे २० अंशांपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण थोडा थोडा वेळ थांबवून त्या सोलून काढतात. त्यानंतर उजवा कप्पा सावरतो. फुफ्फुसांच्या प्रत्यारोपणानंतरही तो अनेकदा सावरतो, म्हणूनच बऱ्याच रुग्णांचं हृदय बदलावं लागत नाही.

उंदराच्या या प्रयोगाला मर्यादा आहेत. दोरा मोठ्या धमनीवर असतो, आजार सहसा बारीक धमन्यांत. शिवाय दोनदा छाती उघडणं त्या जिवाला सोपं नाही. वेदनाशामक औषधं, मोजकेच प्राणी आणि आपल्याकडे नैतिक समितीची परवानगी हे सगळं कटाक्षाने पाळायलाच हवं. तरीही हा प्रयोग हवा, असं मी ठामपणे म्हणेन. आज मिळणारी औषधं मुख्यतः धमन्यांवर काम करतात. थेट उजव्या कप्प्याला सावरणारं मान्यताप्राप्त औषध अजून एकही नाही, आणि ते शोधायचं तर सावरणारं हृदय आधी समोर हवं.