अल्झायमरची खूण रक्तात सापडेपर्यंत

अल्झायमरचं खात्रीशीर निदान कित्येक दशकं माणूस गेल्यावरच व्हायचं. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत जे मांडलं, तेही ऑगस्ट डेटर या रुग्णबाईंच्या मृत्यूनंतर त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच. त्यात पेशींबाहेर साचलेला दिसलेला थर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचा आणि आतल्या गाठी टाऊ या प्रथिनाच्या, हे उलगडायला १९८० चं दशक उजाडलं.

१९९० नंतर पाठीतून पाणी काढून तपासता येऊ लागलं. रुग्णांच्या या पाण्यात अमायलॉइड-४२ (बीटा-अमायलॉइडचाच एक प्रकार) घटलेलं असतं, कारण ते मेंदूतच अडकून पडतं. टाऊ मात्र वाढलेलं. २००४ मध्ये पेट (PET) स्कॅन या प्रतिमा-तपासणीत जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड दिसलं. पण गोंधळलेल्या, घाबरलेल्या म्हाताऱ्या आईला पाठीत सुई टोचून घ्यायला राजी करायचं कसं? आणि स्कॅनचा खर्च किती घरांना झेपणार?

रक्तात शोधण्याचे प्रयत्न तेव्हापासूनच चालू होते आणि फसतही होते. मेंदूतली ही प्रथिनं रक्तात अगदी नगण्य उतरतात. शिवाय अमायलॉइड शरीरात इतरत्रही तयार होतं. त्यामुळे पाठीतल्या पाण्यात जवळपास निम्म्याने दिसणारी घट रक्तात जेमतेम ८ ते १५ टक्के उरते. २०१० च्या सुमारास एकेक रेणू मोजणारं तंत्र आलं. २०१८ मध्ये नोबेलविजेते कोइची तनाका यांचा सहभाग असलेल्या जपानी-ऑस्ट्रेलियन गटाने वस्तुमान वर्णपटमापनाने, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या तंत्राने, रक्तातलं अमायलॉइड भरवशाने ओळखून दाखवलं.

पण खरी कलाटणी दिली टाऊने. त्यातला पी-टाऊ२१७ हा प्रकार अल्झायमरमध्ये रक्तातही ठळकपणे वाढतो. २०२० च्या अभ्यासात कोलंबियातल्या एका मोठ्या कुटुंबाची तपासणी होती. या कुटुंबात जनुकदोषामुळे ऐन चाळिशीत स्मृती ढासळते. दोष असलेल्यांच्या रक्तात पी-टाऊ२१७ पंचविशीच्या सुमारासच, म्हणजे लक्षणांच्या सुमारे २० वर्षं आधी, चढू लागलेलं दिसलं. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत हादरवणारी गोष्ट हीच वाटते.

२०२३ मध्ये लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या, मेंदूतलं अमायलॉइड हटवणाऱ्या औषधाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. हे औषध देण्याआधी मेंदूत अमायलॉइड असल्याची खात्री लागते, म्हणून सोप्या चाचणीची निकड वाढली. मे २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पी-टाऊ२१७ आणि अमायलॉइड-४२ यांचं गुणोत्तर मोजणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. ती ५५ आणि त्यापुढच्या वयाच्या, लक्षणं दिसू लागलेल्या लोकांसाठीच आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही पी-टाऊ२१७ वाढतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. डॉक्टरांनी रुग्णाला तपासावंच लागतं.