पीडीएफमध्ये ‘अहिराणी’ शोधली तर सापडत का नाही?

श्रावणात खान्देशात कानबाई बसते. तिची अहिराणी गाणी कुणी वहीतून वर्डमध्ये उतरवतं, डीटीपीवाल्याकडून पीडीएफ करून घेतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळं होतं. पानं दिसतातही झकास. पण त्या पीडीएफमध्ये ‘अहिराणी’ हा शब्द शोधायला जा. पुष्कळदा ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. शब्द तर समोर मथळ्यातच ठसठशीत छापलेला असतो!

तोच शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला की गोम कळते. तिथे ‘अिहराणी’ उमटतं. ‘सूर्य’चा ‘सूयर्’ होतो, ‘धर्म’चा ‘धमर्’.

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं प्रमाण. त्यात देवनागरी 1991च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि तिथे अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘अहिराणी’ म्हणजे अ, ह, ि, र, ा, ण, ी असे ओळीने सात संकेत. पहिली वेलांटी ‘ह’च्या मागून येते, पडद्यावर दाखवताना ती उचलून ‘ह’च्या आधी ठेवायचं काम संगणक फॉन्टच्या मदतीने करतो. अ‍ॅडोबीने 1993 साली पीडीएफ आणलं ते वेगळ्याच गरजेपोटी: कुठल्याही संगणकावर, कुठल्याही प्रिंटरवर पान हुबेहूब तसंच दिसावं. म्हणून पीडीएफमध्ये मुख्यतः लिहिलेलं असतं ते असं, की फॉन्टमधली अमुक क्रमांकाची आकृती पानावर अमुक जागी काढा. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता सोबत असतो, पण वाचताना क्रम लागतो तो आकृत्या काढल्या त्याचा. वेलांटी आधी काढली, म्हणून ती आधी वाचली जाते. रफार शेवटी चढवला, म्हणून तो शेवटी जातो. इंग्रजीत हा घोळ सहसा होत नाही, म्हणून तिकडच्या सल्ल्यांत याचा उल्लेखही फारसा नसतो.

आता वर्डमधून पीडीएफ करायच्या दोन वाटा पाहा. ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ प्रिंटर निवडला, तर वर्डला वाटतं समोर खरोखरचा प्रिंटर आहे. कागदाला जेवढं लागतं तेवढंच मग तो देतो. लिंक, मथळ्यांची रचना, चित्रांची वर्णनं गळून पडतात. ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘सेव्ह अ‍ॅज’ने गेलात, तर ही रचना टॅगच्या रूपाने फाइलमध्ये जाऊ शकते. पडदा वाचून दाखवणारं अंध वाचकांचं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, तिच्याच आधाराने चालतं. शिवाय आकृत्यांच्या गटाला खरा मजकूर चिकटवून ठेवायची सोय पीडीएफच्या प्रमाणातच आहे, आणि ती वापरली गेली तर वेलांटी जागेवर राहते. मराठीसाठी माझं मत साफ आहे: प्रिंटची वाट कागदापुरती ठेवावी. एक्स्पोर्टचा निकालही सॉफ्टवेअर आणि फॉन्टप्रमाणे बदलतो, तेव्हा पाठवण्याआधी एक ओळ नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघावी.

मजकूर कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर मात्र कुठलीच वाट कामाची नाही. तिथे ‘का’ दिसतो खरा, पण फाइलमध्ये असतात डी आणि के ही रोमन अक्षरं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकी सगळं.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातला जुना कागद उघडायला सॉफ्टवेअर लागत नाही, मोडी वाचता आली की झालं. फाइलला फॉन्ट लागतो. म्हणून दीर्घकाळ जपायच्या दस्तऐवजांसाठी 2005 साली पीडीएफ-ए हे वेगळं प्रमाण आलं. त्यात वापरलेले फॉन्ट फाइलमध्येच घालणं सक्तीचं आहे आणि पासवर्डचं कुलूप चालत नाही. वर्ड आणि लिबरऑफिस (वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर), दोन्हींत पीडीएफच्या पर्यायांमध्ये त्याची चौकट असते.

समोरच्याने दुरुस्त्या करायच्या असतील तर डॉकएक्स, म्हणजे वर्डची मूळ फाइलच द्यावी. ही फाइल मुळात झिप, म्हणजे अनेक फाइलींचं गाठोडं असते. नावाचा शेवट ‘.docx’ऐवजी ‘.zip’ करून उघडली तर आत मजकूर एक्सएमएलमध्ये, उच्चाराच्या क्रमाने, शाबूत दिसतो. फॉन्ट मात्र सांगितल्याशिवाय सोबत जात नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर पानं सरकतात. फोनवर वाचायला ईपब हा ई-पुस्तकांचा फाइल-प्रकार बरा, कारण ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे मोडतात.

लिबरऑफिसमध्ये आणखी एक सोय आहे, हायब्रिड पीडीएफची. त्या पीडीएफच्या पोटात लिबरऑफिसची मूळ, दुरुस्त करता येणारी ओडीटी फाइलही जाते. आकार थोडा वाढतो, पण वाचणाऱ्याला पीडीएफ दिसते आणि तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की गाण्यात राहून गेलेलं कडवं घालता येतं.