जेलीफिशचं हिरवं प्रोटीन आणि जिवंत पेशी

पेशीत एखादं प्रोटीन नेमकं कुठे असतं, कधी कुठे जातं हे बघायचं तर पूर्वी बहुतेक वेळा पेशी मारून रंगवावी लागायची. म्हणजे हाती यायचा फक्त एक फोटो, हालचाल गेली ती गेलीच.

१९६१ साली जपानी शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा अमेरिकेत फ्रायडे हार्बरला एक्वोरिया व्हिक्टोरिया ही जेलीफिश चमकते कशी ते शोधत होते. एकदा जेलीफिशचा उरलेला रस त्यांनी सिंकमध्ये ओतला आणि सिंक एकदम निळं उजळलं! तिथे समुद्राचं पाणी येत होतं, त्यातल्या कॅल्शियममुळे हे झालं. त्या निळ्या प्रकाशाच्या प्रोटीनसोबतच एक हिरवं प्रोटीनही सापडलं, तेच हे जीएफपी, म्हणजे ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन.

मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे याचा रंग बाहेरून येत नाही. २३८ अमिनो आम्लांची साखळी पिंपासारखी गुंडाळली जाते, आणि पिंपाच्या मधोमध अडकलेली ६५, ६६, ६७ नंबरची तीन अमिनो आम्लं आपापसात जुळून रंगाचा रेणू बनवतात, लागतो फक्त ऑक्सिजन, जेलीफिशचं दुसरं कुठलंही एन्झाइम लागत नाही. म्हणून तर १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी नुसता जीन बॅक्टेरियात आणि एका बारीक पारदर्शक कृमीत घातला आणि निळ्या प्रकाशात ते हिरवे चमकले. आता हा जीन हव्या त्या प्रोटीनच्या जीनला जोडायचा की ते प्रोटीन स्वतःचा दिवा घेऊनच तयार होतं. अर्थात जीएफपीचं हे जोडलेलं शेपूट तसं मोठं आहे, कधी कधी त्यानेच मूळ प्रोटीनचं काम बिघडतं, ते तपासावं लागतंच.

२००८ चं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि वेगवेगळे रंग बनवणारे रॉजर त्सिएन यांना मिळालं. पण तो जीन वेगळा काढून चॅल्फी आणि त्सिएन या दोघांना पाठवणारे डग्लस प्रॅशर तेव्हा विज्ञान सोडून गाडी चालवायची नोकरी करत होते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढे जीएफपीला कॅल्शियम पकडणारं प्रोटीन जोडून सेन्सर बनवले. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, पेटला की आत कॅल्शियम वाढतं आणि सेन्सर जास्त चमकतो, त्यामुळे झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लाच्या मेंदूत कुठला न्यूरॉन आत्ता काम करतोय ते मायक्रोस्कोपखाली चालू असतानाच दिसतं.