फुकटचं सॉफ्टवेअर ऑडिटला चालत नाही? कुणी सांगितलं?

सांगली-मिरजेकडच्या छोट्या ट्रस्टांत स्वयंसेवकांनी लिब्रेऑफिसचं, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचं, नाव काढलं, की एखादे विश्वस्त हमखास म्हणतात, "फुकटचं आहे, ऑडिटला चालायचं नाही." समजूत जुनी आहे, पण तिला आधार नाही.

सार्वजनिक न्यासाचा (म्हणजे ट्रस्टचा) ताळेबंद न्यासांच्या नियमांतल्या अनुसूची आठच्या नमुन्यात लागतो, उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊच्या. ठरलेला आहे तो नमुना. तो कशात टाइप करायचा, हे नव्हे. लिब्रेऑफिसमधला तक्त्यांचा प्रोग्रॅम, कॅल्क, एक्सेलच्या फायली उघडतं, त्याच स्वरूपात सेव्ह करतं, पीडीएफही काढतं.

आणि "फुकटचं" म्हणजे बेवारस नव्हे. 2010 पासून चालू असलेल्या या प्रकल्पाला मोझिला पब्लिक लायसन्स हा खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना आहे. संस्थेने कितीही संगणकांवर टाकावं, रीतसर आहे. खरी धास्ती घ्यायची तर दुकानदाराने "टाकून दिलेल्या" क्रॅक, म्हणजे चोरीच्या, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची. पायरेटेड आहे हे माहीत असून वापरणं कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-बखाली गुन्हा आहे. त्याबद्दल मात्र बैठकीत चकार शब्द नाही!

लिब्रेऑफिसमध्ये "मराठी बिघडतं" हा दुसरा आरोप अर्धा खरा. जुनी इतिवृत्तं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तो फॉन्ट नसला की सभेच्या ठरावाऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, अगदी वर्डमध्येसुद्धा. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही एका फॉन्टवर न अडणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलून घेतली की प्रश्न मिटतो. जोडाक्षरं तेवढी डोळ्यांखालून घालावी लागतात.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम मात्र लिब्रेऑफिस करत नाही. जमाखर्च टॅलीत असेल तर तो तिथेच राहू द्या.